बिघडतच नाही

"आभार मानायला आले," रक्तपेढीच्या बाई म्हणाल्या, "आणि करार पुढे चालू ठेवणार नाही, हेही सांगायला."

धाकटी हसत होती, ती एकदम थांबली. तिचा थोरला भाऊ चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभा राहिला.

रक्ताची कोणती पिशवी कुठे ठेवलीय, कधी बाद होणार, हे सांगणारं सॉफ्टवेअर धाकटीनं लिहिलं होतं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं होतं. ज्याला हवं त्यानं फुकट न्यावं, हवं तसं बदलावं. दोघांचं पोट चालायचं ते अडलेल्यांना मदत करण्याच्या करारांवर. ते करार थोरला बघायचा.

"आमचं काही चुकलं का?" त्यानं विचारलं.

"छे हो! तुम्ही ते नवीन व्हर्जन दिलंत ना, तेव्हापासून काही अडतच नाही. तुम्हाला शेवटचा फोन कधी केला, आठवतसुद्धा नाही. मग साहेब म्हणतात, करार कशाला?"

बाईंनी धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले, अगदी मनापासून. आणि गेल्या.

"नवीन ते फक्त करारवाल्यांना दे," थोरला म्हणाला. "बाकीच्यांना राहू दे जुनंच."

"जुन्यात पिशव्यांची अदलाबदल व्हायची, दादा."

"व्हायची, म्हणून तर फोन यायचे!"

बोलून गेला आणि त्याचा तोच ओशाळला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं?"

"मलाच कळत नाहीये. तू काम चोख करायचंस आणि आपण उपाशी बसायचं. हा कुठला धंदा?"

तिलाही कळत नव्हतं. तिनं फळ्यावर लिहिलं, 'आपण विकतो काय?' थोडा वेळ बघत राहिली. मग पुसून टाकलं.

फोन वाजला. लांबच्या कुठल्याशा रक्तपेढीतला माणूस घाबराघुबरा होऊन बोलत होता. सकाळपासून यादीच उघडत नाही, कोणती पिशवी कुठली ते समजत नाही, बाहेर नातेवाईक ताटकळलेत.

"अजिबात काळजी करू नका, आम्ही आहोत ना!" थोरल्याचा आवाज एकदम खुलला.

धाकटीनं लगबगीनं खुर्ची ओढली. कॉम्प्युटर सुरू व्हायचा होता. काळ्या पडद्यात तिला आपला चेहरा दिसला.

तीही हसत होती.