मनवाची चूक

परळच्या कॉलेजात मनवा आणि तिच्या लेखनिक सुमेधाकाकू परीक्षेसाठी वेगळ्या खोलीत बसल्या होत्या. मनवाला दिसत नाही. ती सांगते, काकू लिहितात. चाळीत शेजारी राहणाऱ्या काकूंनीच वर्षभर तिला राज्यशास्त्राची पुस्तकं वाचून दाखवली होती. "धनविधेयक प्रथम राज्यसभेत मांडलं जातं," मनवा म्हणाली. काकूंचं पेन क्षणभर थांबलं, मग पुढे सरकलं. उत्तर संपल्यावर मनवाने ते वाचून दाखवायला सांगितलं. "धनविधेयक प्रथम लोकसभेत मांडलं जातं," काकूंनी वाचलं. "काकू, मी राज्यसभा म्हणाले होते." "अगं, पण ते चूक आहे," काकू हळूच म्हणाल्या, "मार्क जातील तुझे." लोकसभा ऐकताच मनवालाही बरोबर उत्तर आठवलं होतं. ते तसंच ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण गेल्या वर्षी ती पहिली आली, तेव्हा वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, "अशी लेखनिक भेटली तर मीपण पहिला येईन." "खोडा आणि राज्यसभा लिहा," ती शांतपणे म्हणाली. "चूक झाली ती माझी झाली." काकूंनी खोडलं. पेपर संपल्यावर लालबागच्या दिशेने चालताना मनवाने नेहमीसारखा काकूंचा कोपर धरला होता. सिग्नलला थांबल्यावर काकूंनी विचारलं, "परवाच्या पेपरला दुसरं कुणी बघितलंयस का?" "नाही," मनवा म्हणाली. "तुम्हीच या. तुमचं अक्षर छान आहे, असं सर सांगत होते."