उचलायला माणूस

जन्मापासून हाडं काचेसारखी, त्यात अंगावर हे एवढं वजन. म्हणून सोळाव्या वर्षी मुलीचं पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. वजन उतरलं की वॉकर धरून उभी राहील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. सुरुवातीला उतरलंही, मग काटा हलेचना.

"सांगितलंय तेवढंच देताय ना हिला?" तपासणीच्या वेळी डॉक्टरबाईंनी आईला विचारलं.

"हो तर! नुसतं पातळ सूप," आई म्हणाली.

घरी आई ओट्याकडे तोंड करून त्याच सुपात लोण्याचा गोळा विरघळवते, हे मुलीला ठाऊक होतं. ती ते मुकाट्यानं प्यायची.

"मीच चोरून खाते," ती म्हणाली.

"एवढं ऑपरेशन पाण्यात घातलंस!" डॉक्टरबाई कडाडल्या.

बाहेर बाबांनी तिला खुर्चीतून अलगद उचलून गाडीत बसवलं. त्यांना धाप लागली होती. "काय म्हणाल्या? कधी उभी राहील?"

"इतक्यात नाही," आई म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी एकदा आई-बाबा भांडत होते, तेव्हा बाबांचा आवाज भिंतीपलीकडे मुलीपर्यंत पोचला होता.

"हिला उचलायला माणूस लागतं म्हणून थांबलोय मी या घरात. पोरगी उभी राहू दे, त्याच दिवशी मी निघालो!"