पहिल्याचा लाभ

प्रॅक्टिकल परीक्षेत परीक्षकांनी स्वप्नालीच्या संगणकावर स्वतःचे आकडे टाकले, तर पडद्यावर पहिल्या आकड्यासमोर शब्द उमटला : लाभ.

"हे काय? मी तर साधी यादी केली."

"सगळ्याच याद्यांना लागतं सर ते," स्वप्नाली खाली बघत म्हणाली.

खिडकीबाहेर, कॉलेजच्या व्हरांड्यात उभा असलेला तिचा बाप आश्रुबा गजांजवळ सरकला. लेकीला प्रॅक्टिकलला सोडायला आला होता, तो परत गेलाच नव्हता. खोड त्याचीच होती. गणिताच्या या सॉफ्टवेअरमध्ये यादी शून्यापासून मोजतात, हे तिनं घरी दाखवलं तेव्हा तो उखडला होता. "पैल्या पोत्याला शून्य? आसं म्हनलो तर शेतकरी माल माघारी नेईल की गं!" जन्मभर तो माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती मोजणारा मापाडी होता. पहिल्या पोत्याला त्यानं कधी 'एक'सुद्धा म्हटलं नव्हतं. शकुन म्हणून लाभ, मग दोन, मग तीन.

पोरगी तेव्हा हसली होती. पण गोष्ट मनात धरून बसली होती.

"सॉफ्टवेअरची मुळातली यादी बदललीस? कुणाला विचारून?"

"आबांना."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. "अशानं हिशेब बिघडतो, बाई. नापास करावं लागेल."

"बिघडला तर करा सर." तिनं आता मान वर केली. "बघा की करून."

परीक्षकांनी बेरीज करून पाहिली. बरोबर आली. पहिलाच आकडा काढून टाकला. लाभ खालच्या आकड्यावर येऊन बसला. मग त्यांनी अख्खी यादी उलटी केली. शेवटचा आकडा वर आला, लाभ त्याच्यासमोर.

"आतलं गणित तेच हाय सर," ती म्हणाली. "म्हणायचं तेवढं बदललं. जे आधी येईल त्याचा लाभ."

परीक्षकांनी गुण लिहिले आणि कागद पालथा ठेवला. पोरगी पास की नापास, आश्रुबाला काहीच उमगेना.

वेळ संपली. परीक्षकांनी सगळ्यांच्या उत्तरपत्रिका गोळा केल्या, अंगठा जिभेला लावला आणि मोजायला घेतल्या.

"लाभ," ते पुटपुटले, "दोन, तीन..."

आश्रुबानं टोपी नीट केली, पाठ ताठ केली. स्वप्नाली दारात आली तरी त्यानं तिला हाक मारली नाही. मोजणी चालू असताना मापाडी मध्ये बोलत नसतो.