गोदूबाईची बोटं

"सहा वर्षांत आमच्या खोक्यातून एकही खराब भाग बाहेर गेलेला नाही." अहवालातलं हे वाक्य आसावरीने पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

बैठक तीन वाजता होती. कुंभिवलीच्या त्या कारखान्यात मोटारींच्या ब्रेकचे पिस्टन बनत. त्यांचं पॅकिंग बाहेर द्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. लोधिवलीचा एक कंत्राटदार तयार होता. त्याच्याकडे तपासणीला कॅमेऱ्याचं मशीन होतं आणि माणसं चारच. इथे बारा बायका होत्या. अकराजणी पिस्टन गंजू नयेत म्हणून तेलकट कागदात गुंडाळत, खोकी भरत. त्याआधी प्रत्येक पिस्टन गोदूबाईच्या हाताखालून जाई. केसाएवढा चरा असला तरी तिच्या बोटांना लागे. पॅकिंगची मॅनेजर म्हणून आसावरीने सगळा अहवाल त्या बोटांच्या भरवशावर लिहिला होता.

दार ढकलून गोदूबाई आत आली. बसली नाही.

"मॅडम, कागदात माझं नाव लिवलंय म्हनं?"

"हो. तुमच्यामुळेच पॅकिंग इथे राहील."

"मग खोडा ते. शुगरनं बोटं बधिर झालीत. दोन महिने झाले, काय लागत नाय. मी नुसता हात फिरवते."

आसावरीने घड्याळ पाहिलं.

"हे आज सांगताय? सोनालीचा तरी विचार करायचा!"

सोनाली गोदूबाईची सून. बाराजणींतलीच एक. मुलगा गेल्यापासून घर दोघींच्या पगारावर चाललं होतं.

"आठ दिवस तोच करतेय," गोदूबाई म्हणाली. "पन ब्रेकचं हाय ना, मॅडम."

आसावरीने गोदामातली पाच खोकी उघडायला लावली. दोन पिस्टनांवर चरे निघाले. सही केलेलं पान तिने फाडलं. गेलेला माल परत मागवायचं पत्र लिहिलं आणि बैठकीत कंत्राटदाराच्या बाजूने मत दिलं. गोदूबाईचं नाव मात्र घेतलं नाही.

महिनाअखेरीला पॅकिंग बंद झालं. बायकांनी आसावरीला फाटकाशी गाठलं.

"तुमीच इकलंत आमाला," ठकी म्हणाली.

आसावरी खाली मान घालून ऐकत राहिली. तिने ते तसंच राहू दिलं असतं.

"त्यांना नका बोलू गं," मागून गोदूबाई म्हणाली. "मीच सांगितलं." आणि तिने सगळ्यांदेखत बोटांचं सांगून टाकलं.

गावाकडे जाणारा टेंपो आला. एकेक करून बायका चढल्या. सोनाली दाराशी बसली. गोदूबाई पायरीवर पाय ठेवणार, तोच सोनालीने आतून दार ओढून घेतलं.