वन्स मोअर

भर पेठेतलं जुनं नाट्यगृह पाडायचं की ठेवायचं, हे ठरवायला गाव तिथंच जमलं होतं. बोलायची पाळी आली तशी कुमुदबाईंनी रंगमंचाला हात लावून कपाळाशी नेला. उभी हयात इथं संगीत नाटकांत गेलेली. भाषण काही जमेना. त्या सरळ गायलाच लागल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “वन्स मोअर!” मागून आरोळी आली.

वाचलं आपलं थिएटर! बाईंचे डोळे भरून आले. तेच पद त्या पुन्हा गायल्या, जीव ओतून.

नगराध्यक्षांनी डोळे पुसले. “बाई, निरोप द्यावा तर असा!” मग सभेला म्हणाले, “पाडायला ज्यांची संमती आहे, त्यांनी हात वर करा.”

मघाशी टाळ्या वाजवणारे हातच वर गेले.

कुमुदबाई सवयीनं वाकल्या आणि पडदा पडायची वाट बघत राहिल्या.