कापलेले अकरा सेकंद

मंदाबाईने टॅब मोनालीच्या टेबलावर आपटला नाही, एवढंच. पहूरहून जळगावपर्यंत एसटीत तो तिने पदराखाली घट्ट धरून आणला होता.

“हा हात कोनाचा हाय? वाच!”

पडद्यावर निळ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘ही चूक टाळा’. मंदाबाईने तिच्यावर बोट ठेवलं. क्लिप उघडली. विळा धरलेला एक हात केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पील, म्हणजे नवा कोंब, कापत होता, जमिनीपासून वीतभर वर. चेहरा दिसत नव्हता. मनगटाच्या वर हिरवं गोंदण मात्र स्वच्छ दिसत होतं.

“तोताराम,” मोनालीने हळूच वाचलं.

“माह्या मालकाचं नाव हाय ते. तोंड कायले दाखवा लागते? पहूरच्या बठ्ठ्या बायका हा हात वळखतात. काल बचत गटात मयुरीनं बोट लावलं अन् हे निघालं. सुनंदाबाई तोंडाले पदर लावून हसली. म्हने, मंदे, तीस वर्सं आमले असंच शिकवलं का तू?”

तीस वर्षं! पहूरच्या निम्म्या केळीबागांत पील कापायला मंदाबाईची टोळी जाते. नवी पोरगी आली की ही तिच्याशेजारी उकिडवी बसते, तिचा हात धरून विळा मातीला टेकवते. जमिनीलगत कापायचं, वरून कापलं तर पील पुन्हा फुटतं आणि मोठ्या झाडाचं खत खातं. आणि नेमका हिचाच हात यांनी ‘चूक’ म्हणून लावला. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या ऑफिसात लाज म्हणून कुणाला वाटली नाही.

मोनालीचं काम सरळ होतं. शेतकऱ्यांना द्यायच्या टॅबवर डावीकडे शेतीसल्ल्याचा मजकूर, उजवीकडे क्लिपा. कोणत्या ओळीला कोणती क्लिप जोडायची त्याची यादी हितेंद्र सर द्यायचे. ती जोडायची. पहूरला चाचणीपुरता एक टॅब दिला होता. सोमवारी तसेच टॅब साठ गावांना जाणार होते.

हितेंद्र सर चहाचा कप घेऊन आले. “अरे, मावशी! बसा ना. चहा सांगू?”

“शूटिंगले आले तवा चहा माह्या घरी पेलात तुम्ही. भरीत-भाकरीबी खाल्ली चौघांनी. चहा राहू द्या. मी कुठी चुकली ते सांगा.”

सर हसले. हसले! “मावशी, तुमचा चेहरा तरी दिसतोय का? चूक दाखवायला कुणाचा तरी हात लागतोच.”

“मी चुकली व्हती का?”

“तसं नाही हो.”

“मंग कसं?”

सरांनी चहाचा घोट घेतला. “आता बघा, मुद्दाम चुकीचं कापा म्हटलं असतं, तर तुम्ही कापलं असतं का?”

मंदाबाई एक पाऊल पुढे आली. “म्हंजे तुम्ही मले म्हने, मावशी, खाली कापल्यावर कॅमेऱ्यात दिसत नाही, जरा वरून कापा. ते खोटं व्हतं? माह्याच बांधावर उभं राहून, माह्याच घरचं खाऊन?”

“शेतकऱ्यांच्या भल्यासाठीच करतोय ना आपण हे!”

“आग लागो तुमच्या भल्याले!”

मोनाली मान खाली घालून बसली होती. त्या क्लिपचे सुरुवातीचे अकरा सेकंद तिनेच कापले होते. ‘आवाज नको, फक्त हात,’ असं यादीत लिहिलेलं होतं. कापण्याआधी तिने हेडफोन लावून ते अकरा सेकंद ऐकलेही होते. ऐकून कापले होते. आता तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

“मावशी, मी काढूनच टाकते ही क्लिप,” ती म्हणाली.

“नको.” मंदाबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “काढशीन तं गाव म्हनीन, चुकली व्हती म्हनूनच काढलं. राहू दे तठीच. पन त्या वक्ती मी या साहेबाले काहीतरी बोलली व्हती. ते कुठी गेलं?”

मोनालीने टॅबला वायर लावली आणि मूळ क्लिप उघडली.

“मोनाली,” सर म्हणाले, “यादीत मी जे दिलंय त्यात बदल करायचा नाही.”

“करत नाहीये, सर. ओळ तीच, क्लिप तीच. फक्त ती कुठून सुरू करायची, तेवढंच.”

तिने क्लिपची सुरुवात मागे ओढली. अकरा सेकंद. वायर काढली आणि टॅब मंदाबाईच्या हातात दिला.

मंदाबाईने पदराने पडदा पुसला. ‘ही चूक टाळा’ या ओळीवर बोट ठेवलं.

“मावशी, वरून कापा.” टॅबमधून हितेंद्र सरांचा आवाज आला, खणखणीत. “हां, अजून वर.”

“साहेब, असं कापल्यानं पील पुन्हा फुटते,” मंदाबाईचा आवाज म्हणाला.

“फुटू द्या हो! तुम्ही कापा.”

मग हात पुढे आला, गोंदणासकट, आणि विळा चालला.

ऑफिसातल्या बाकीच्या तिघा-चौघांनी माना वळवल्या. सरांनी कप टेबलावर ठेवला. “बंद करा ते.”

मंदाबाईने टॅबचा आवाज पूर्ण वाढवला आणि ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.