रिकाम्या लाइनची ठिणगी

भोपाळहून नागपूरला निघताना नीळकंठरावांनी फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं आणि शेवटी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. फटीतून निळी ठिणगी चमकली.

ते थबकले. उभा जन्म कारखान्यात स्विच तपासण्यात गेलेला. वाहता करंट तोडला तरच ठिणगी उडते, रिकाम्या लाइनला नाही. म्हणजे कुणीतरी त्यांची वीज ओढत होतं!

"हा शेजारचा सक्सेनाच! कुंपणावरून भांडला तेव्हाच ओळखला होता मी त्याला."

"असू दे हो. दांडा वर करा नि चला, गाडी चुकेल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. नजर मात्र मागच्या खिडकीकडे. नीळकंठरावांच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात त्याच खिडकीतून सक्सेनांच्या सुनेची हाक आली, "आंटीजी! हमारी लाइट अभी तक नहीं आई, और अम्मा की ऑक्सीजन मशीन बंद हो गई!"

नीळकंठरावांनी झटकन दांडा वर केला. मग खिडकीतून पलीकडे गेलेली वायर चिमटीत धरून पाहिली. गरम लागली.

"एवढी बारीक? जळेल की ही!" ते बायकोवर खेकसले. "चुकू दे गाडी. जाड वायर घेऊन येतो मी."